ओहोटीवरची वीज

हसूदादाच्या चाकात माझ्या घरच्या सात वस्तू होत्या. आमच्या ह्यांच्या सायकलचं मागचं चाक. तिचीच साखळी. ओटीवरच्या जुन्या पंख्याची तीन पाती. वॉशिंग मशीनचा पट्टा. आणि पाण्याचा निळा ड्रम. पहिल्या सहा वस्तू निदान निकामी तरी होत्या. ड्रम चांगला होता, त्यात पाणी भरलेलं होतं. ते पाणी त्याने माझ्या अळूच्या वाफ्यात ओतलं आणि ड्रम डोक्यावर पालथा घालून निघून गेला. तासाभराने मी विचारायला गेले, तोवर ड्रम उभा चिरून झाला होता आणि हसूदादा त्याच्या तुकड्यांवर खडूने पाती आखत बसला होता.

"तुमचं अळू सुकलं व्हतं, बाई," तो मान वर न करता म्हणाला. म्हणजे उपकार माझ्यावरच.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची. गावची सून म्हणून करावंच लागायचं, आणि शाळेतली बाई म्हणून तोही मला तुमी-आमी करायचा. पण इथे लिहिताना मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. चार वर्षांच्या मनस्तापानंतर तेवढा हक्क मी कमावला आहे.

आमच्या शेजारचा हसुराम घरत रेवसच्या लाँचवर तीस वर्षं इंजिन सांभाळत होता. रेवस ते भाऊचा धक्का आणि परत. लोक वर बसून वारा खायचे, हा खाली तेलात. त्यामुळे माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय त्याला कधी लागलीच नाही. तो आमच्या घरात यायचा तो मागच्या दाराने, न विचारता, आणि पहिल्यांदा बघायचा ते मिक्सरकडे. मिक्सर चालू असला की त्याच्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "बेरिंग चाललंय." मी नको नको म्हणेपर्यंत मिक्सर ओट्यावर उघडा पडलेला असायचा. वाटण अर्धं राहायचं. दुरुस्त व्हायचा, हे खोटं कशाला सांगू. पण जोडून झाल्यावर दरवेळी एखाददुसरा स्क्रू उरायचा. तो दाखवला की म्हणायचा, "तो कंपनीनं जास्तीचा घातला व्हता." असे जास्तीचे स्क्रू माझ्या घरात एका चहाच्या डब्यात साठले होते.

दुसरा त्रास घड्याळाचा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट, साडेसात. हसूदादाने हा हिशेब आयुष्यालाच लावून टाकला होता. तो कधी सांगायचा नाही की मी मंगळवारी संध्याकाळी येतो. तो सांगायचा, "दशमीच्या भरतीला येतंय." सकाळच्या की संध्याकाळच्या, हे आपण ओळखायचं. माझ्या घरात कालनिर्णयाचं पान हसूदादामुळे उलटलं जायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं की आता पाढे सुटले, तर म्हातारपणी पाऊणकी पुन्हा पाठ झाली.

त्याची बायको पारूवहिनी. बारीक अंगाची, कमी बोलणारी. तिला दम्याचा त्रास. दिवसातून दोनदा वाफेचं मशीन लागायचं, पावसाळ्यात तीनदाही. ते मोठं वादळ झालं त्या वर्षी आमच्याकडे तीन आठवड्यांच्या वर वीज नव्हती. खांब आडवे, तारा वाडीत, वायरमनचा पत्ता नाही. पहिले दोन दिवस कुणाच्या तरी जनरेटरवर मशीन चाललं, मग डिझेल संपलं. चौथ्या दिवशी पारूवहिनीचे ओठ निळे पडले. रस्त्यावर पडलेली झाडं तोडत तोडत तिला टेंपोतून अलिबागला नेलं. ती वाचली, पण त्यानंतर त्यांचा मुलगा नरेश गावी आला आणि त्याने सरळ सांगितलं, "बाबा, आता बस. दोघं उलव्याला चला. अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, लाइट कधी जात नाही. इथं आईचं काय झालं तर मी कुणाला विचारू?"

नरेश कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे. भला मुलगा. त्याचं काहीही चुकत नव्हतं. पण हसूदादाला उलव्याचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. तिथे एकदा तो चार दिवस राहून आला होता. आल्यावर मला म्हणाला, "बाई, तिकडं खिडकीतून पन खिडकीच दिसतंय."

बापलेकांचं वर्षभर बरंच वाजलं. शेवटी नरेश म्हणाला, "ठीक आहे. आईचं मशीन तुमच्या स्वतःच्या लाइटवर चालतं हे मला दाखवा. चार दिवस, बाहेरची लाइट बंद करून. त्या दिवसापासून उलव्याचं नाव काढणार नाही." त्याला वाटलं असणार की म्हातारा एक इन्व्हर्टर आणील आणि विषय संपेल. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

मीही तेच सांगितलं. हसूदादा म्हणाला, "इन्व्हर्टर चार्ज कशावर व्हतंय?"

"लाइटवर."

"आनि ती गेली तीन आठवडे, तर?"

मी म्हटलं, मग सोलर बसवा. तो म्हणाला, "लाइट जाते पावसात. पावसात सूर्य कुटं असतंय? पावसात असतंय पानी." आणि मग प्रथमच त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. "बाई, उघाडीतून किती पानी जातंय, कवा बगितलंय?"

आता उघाडी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच घडलं. आमची भातशेती खारीतली, समुद्राच्या पातळीला. मध्ये मातीचा बांध. बांधाला एक दार ठेवलेलं असतं, ती उघाडी. लाकडी दार, वरून टांगलेलं. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी दार ढकलून खाडीत जातं. भरती चढायला लागली की खाडीचं पाणीच दार दाबून बंद करतं. माणूस लागत नाही. हे दार मिटलं नाही आणि खारं पाणी शेतात शिरलं, तर ते भात गेलंच, पुढची तीन वर्षंही जमीन काही देत नाही. आमच्या उघाडीच्या आत अकरा घरांची शेतं आहेत. एक माझं. हसूदादाचं त्यात नाही.

हसूदादाला त्या उघाडीच्या तोंडाशी, शेताच्या बाजूला, चाक बसवायचं होतं.

बांध सांभाळायची आमच्याकडे जुनी रीत आहे, तिला जोळ म्हणतात. बांध फुटला की हाक द्यायची, आणि प्रत्येक घरातून एक माणूस पाटी घेऊन चिखल टाकायला गेला पाहिजे. मजुरी नाही, सबब नाही. आणि ज्याच्या हयगयीने बांधाला इजा झाली, त्याने त्या हंगामात सगळ्यांच्या आधी यायचं आणि सगळ्यांच्या नंतर जायचं. मला लिहितावाचता चांगलं येतं म्हणून जोळीची वही माझ्याकडे असते. तर देवळात बैठक बसली. हसूदादाने उभं राहून एवढंच सांगितलं, "माना उघाडीवर चाक लावायचं हाय." का, कसं, किती दिवस, काही नाही. जणू सगळ्यांना आधीच माहीत असायला हवं. दहा घरं नाही म्हणाली. एकजण म्हणाला, "तुमच्या बल्बासाठी आमचं भात बुडवायचं काय?" हसूदादा खांबाला टेकून छताच्या पंख्याचा आवाज ऐकत उभा.

आणि मी, मूर्खासारखी, मध्ये बोलले. पारूवहिनीचे निळे ओठ डोळ्यांसमोर होते. मी म्हटलं, दारापासून चार हात लांब चाक ठेवायचं, त्याच्या पुढे एक बोटही सरकवायचं नाही, आणि उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, रोज जाऊन बघायचं. या अटीवर परवानगी द्या, मी हमी घेते. अटी वहीत लिहिल्या. हसूदादाने खाली सही केली आणि जाताना मला म्हणाला, "बाई, तुमच्या ह्यांची सायकल पडवीत नुसतीच हाय ना?"

पहिलं चाक माझ्या पंख्याच्या पात्यांचं. ओहोटीच्या पहिल्या जोरातच पाती केळीच्या पानासारखी वळली. दुसरं निळ्या ड्रमचं. ते फिरलं, पण इतकं हळू की डायनमोने दाद दिली नाही. ट्रकचा जुना डायनमो त्याने पेणच्या भंगारातून आणला होता. मग माझ्या सायकलचं चाक, बंद पडलेल्या गिरणीची मोठी पुली आणि वॉशिंग मशीनचा पट्टा अशी तीन टप्प्यांची गती वाढवली. सांगाडा फुटक्या होडीच्या वाशांचा. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून तो बोल्ट आवळायचा आणि बांधावर छत्री घेऊन पारूवहिनी पाने धरून बसायची. "बारा-तेरा दे," म्हटलं की ती बारा-तेराचा पाना द्यायची. आकडे वाचता येत नव्हते तिला, पण हाताच्या वजनाने ओळखायची. मी तिला म्हणायची, अहो ओल्यात बसू नका, छाती भरेल. ती हसायची आणि बसायची.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात आषाढात एकदा चाक लागलं आणि हसूदादाच्या अंगणातल्या खांबावर लाल बल्ब पेटला. बल्ब थेट डायनमोवर जोडलेला होता. चाक फिरतंय तोवर तो पेटणार, चाक थांबलं की विझणार. बाकीची वीज ट्रकच्या बॅटऱ्यांत साठायची. अख्खं गाव बल्ब बघायला आलं. परवानगीला नाही म्हणणारे सर्वांत पुढे.

यानंतर मला सर्वांत जास्त त्रास झाला तो एका तरुण पत्रकाराचा. त्याचं मोबाइलवर बातम्यांचं चॅनल होतं. हसूदादाने त्याला फोनवर वेळ दिली, "अष्टमी, ओहोटीला." त्या बिचाऱ्याने अर्थ विचारला नाही आणि सकाळी सहाला, ऐन भरतीत, अलिबागहून मोटरसायकलवर भिजत येऊन हजर झाला. चाक बंद. लाल बल्ब बंद. पत्रकार म्हणाला, "काका, हाताने जरा फिरवा ना, मी एवढा शॉट घेतो."

"हातानं फिरवलं तर ती हाताची वीज," हसूदादा म्हणाला. "पान्याची न्हाय."

"कळणार नाही कुणाला."

"माना कलंल ना." आणि तो घरात निघून गेला.

पाहुणा माझ्या ओटीवर. त्याला सुके कपडे मी दिले, चहा मी, भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी मी. ओहोटीचा जोर येईपर्यंत तो माझ्या मुलाच्या जुन्या कपड्यांत बसून राहिला आणि मला माझ्या शिक्षणाबद्दल विचारत राहिला. पुढे बातमी आली, तीत चाक दीड मिनिट आणि माझी भाकरी दोन मिनिटं. हसूदादाला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, "तुमची भाकर चांगलीच असतंय." त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, तरी मी रागवायची. माझी सवयच होऊन गेली होती ती.

तर नरेश गणपतीला येणार होता. गणपतीचे पाच दिवस बाहेरची लाइट बंद ठेवून सगळं घर चाकावर चालवायचं, असं हसूदादाने ठरवलं. मशीन, दोन बल्ब, आणि गणपतीसमोरची माळ. माळ कशाला, असं मी विचारलं. मशीन चाललं की झालं ना? तो म्हणाला, "देवाला अंधारात बसवू?" म्हणजे आणखी वीज हवी. आणखी वीज म्हणजे पाण्याला आणखी जोर. आणि पाण्याला सर्वांत जास्त जोर असतो दाराच्या अगदी तोंडाशी.

त्याने मला विचारलं नाही. जोळीतल्या कुणालाही विचारलं नाही. श्रावण संपता संपता, एका ओहोटीत, नवरा-बायकोने मिळून चाक दोन हात पुढे सरकवलं.

पिठोरी अमावस्येच्या दिवशी सकाळी मी वाणाचं सामान आणायला निघाले होते. रात्रभर पाऊस धो धो पडला होता, तेवढ्यात उघडला होता. हसूदादा अंगणात गणपतीच्या पाटाला रंग देत बसला होता. खांबावरचा लाल बल्ब पेटलेला. मी पुढे गेले. दहा पावलं गेले आणि थांबले. अमावस्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, तीही उधाणाची. आता नऊ वाजले होते. म्हणजे खाडी निम्म्याहून जास्त चढलेली होती, दार कधीच मिटायला हवं होतं आणि चाक थांबायला हवं होतं.

मी मागे फिरले. "हसूदादा, लाल बल्ब पेटलाय."

"पेटनारच," तो म्हणाला. ब्रश आणखी एकदा फिरला. मग थांबला. त्याने अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवला, मोजायला सुरुवात केली, आणि मोजायचं सोडून दिलं. चाक फिरत होतं, पण उलट्या बाजूने. शेतातलं पाणी खाडीत जात नव्हतं, खाडी शेतात येत होती. तिच्याच जोरावर बल्ब जळत होता.

तो उठला, पडवीतली कुऱ्हाड उचलली आणि पळाला. सत्तरीचा माणूस, अनवाणी. मी रस्त्यावर उभी राहून हाक दिली. जोळीची हाक मी आयुष्यात पहिल्यांदा दिली, आणि शाळेत तीस वर्षं ओरडून कमावलेला आवाज त्या दिवशी कामाला आला. अकराही घरांतून माणसं निघाली. कोणी तोंडात ब्रश घेऊन, कोणी पुरणाच्या हाताने, पण प्रत्येकाकडे पाटी होती.

उघाडीवर जाऊन बघतो तर रात्रीच्या पाण्याच्या लोंढ्याने चाकाचा सांगाडा आणखी पुढे ढकलला होता. त्याचा एक वासा थेट दाराच्या चौकटीत गेला होता. भरती दार मिटवायला बघत होती, पण मध्ये वासा. हातभर फट राहिली होती आणि त्या फटीतून खाडी आत घुसत होती. निळी पाती गरागरा फिरत होती. इतक्या जोरात ती याआधी कधीच फिरली नव्हती.

चौघांनी दोर लावून सांगाडा ओढून बघितला. खाडीने दार इतकं घट्ट दाबलं होतं की वासा हलेना. कुणीतरी म्हणालं, "बोल्ट खोला, चाक तरी वाचंल." हसूदादा छातीभर पाण्यात उतरला होता. त्याने एकदा बोल्टांकडे बघितलं. बोल्ट सोळा होते. मग माझ्या शेताकडे बघितलं, ते सर्वांत खाली आहे, तिथे खारं पाणी पोचलं होतं. त्याने कुऱ्हाड उचलली.

होडीचं जुनं लाकूड चिवट असतं. सहा-सात घाव लागले. वासा तुटला तसा सांगाडा एका बाजूला कलला, आणि पाण्याने चाक, साखळी, पुली, डायनमो, सगळं उलटंपालटं करून शेतात नेऊन टाकलं. मग त्याने कुऱ्हाडीच्या पाठीने चौकटीतला तुकडा ठोकून बाहेर काढला. दार धाडकन मिटलं. आम्ही वरून पाट्या ओतायला सुरुवात केली.

मी त्या दिवशी त्याला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. बांधावर, सगळ्यांसमोर, चिखलाच्या हाताने बोलले. चार हात म्हणजे चार हात, सही कुणाची आहे वहीत, आणि बरंच काही. तो खाली मान घालून ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "व्हय बाई." बस. मला आणखी राग आला, कारण त्यावर पुढे काही बोलता येत नव्हतं.

भात वाचलं. माझ्या शेताचा कोपरा पिवळा पडला, बाकीचं पुढच्या पावसाने धुऊन निघालं. हसूदादाने मात्र जोळीची रीत पाळली. गणपतीपर्यंतचे दिवस रोज सगळ्यांच्या आधी बांधावर, सगळ्यांच्या नंतर घरी. माती टाकून झाली तरी टाकत होता. सगळ्यांनी सांगितलं, आता पुरे. मीही जाऊन सांगितलं. त्याने ऐकलं नाही, ते नवीन नव्हतं.

नरेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी आला आणि गाडीतून उतरून थेट बांधावर गेला, कारण बाप घरी नव्हताच. डोक्यावर पाटी घेतलेला सत्तरीचा बाप बघून त्याचं काय झालं असेल, ते मला संध्याकाळी कळलं. त्यांच्या घरी गणपतीचा पाट मांडायला मी गेले होते. हसूदादा भिंतीला टेकून बसला होता. पारूवहिनी फुलं निवडत होती. नरेश बांधावरच्या चिखलाच्या पायांनीच दारात उभा होता.

"बाबा, राहा इथंच," तो म्हणाला. "मी इन्व्हर्टर आणतो, मोठा. सोलर पण लावतो. जनरेटर पण ठेवू एक. जे लागेल ते. माझी अट संपली, समजा."

मी हसूदादाकडे बघितलं. तीन पावसाळे ज्यासाठी हा माणूस चिखलात उभा राहिला, अकरा घरांच्या शिव्या खाल्ल्या, माझा ड्रम चिरला, ते त्याला मिळालं होतं. चाकाशिवाय मिळालं होतं. त्याने मान हलवली, पण चेहरा अजून तसाच होता, खात्री न पटलेला.

"मी जानार हाय," पारूवहिनी म्हणाली.

कुणाला कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. नरेश म्हणाला, "कुठं, आई?"

"तुझ्याकडं. उलव्याला." ती फुलं निवडतच होती. झेंडूचं एक किडकं फूल तिने बाजूला ठेवलं. "माना जायचं हाय. तिकडं नातवंडं हायत. रातीला दम लागला तर लिफ्टनं खाली, समोर दवाखाना. इकडं माना पावसाची भीती वाटते."

"आथा वाटते?" हसूदादाने विचारलं.

"वादळापासून."

"मग बोलली कशी न्हाईस?"

"तुमी विचारलं न्हाय." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती माहिती देत होती. "पोरानं बापाला विचारलं. बापानं पोराला सांगितलं. बाईंनी बैठकीत विचारलं. माना कुनी विचारलं? पाना मागितला, तवा पाना दिला."

मी तिथेच बसले होते. तीन पावसाळे मी तिला बांधावर छत्री घेऊन बसलेली बघितली होती. ओल्यात बसू नका, एवढंच मला तिला सांगता आलं. तिच्यासाठी मी बैठकीत भांडले, तिच्या ओठांचा रंग आठवून हमी घेतली, आणि शेजारून रोज जाताना एकदाही तिला विचारलं नाही की वहिनी, तुम्हाला कुठे राहायचंय? हसूदादावर चिडण्यात माझी चार वर्षं गेली होती. त्या संध्याकाळी मला माझाच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

हसूदादा उठला, पारूवहिनीच्या समोर जाऊन बसला आणि तिच्या पुढ्यातली फुलं निवडायला लागला. वाईट निवडत होता. चांगली फुलं किडक्यांत टाकत होता. पारूवहिनी ती परत वेचून काढत होती.

गणपती विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी ते निघाले. नरेश सामान घेऊन गाडीने पेणमार्गे गेला. पारूवहिनीला गाडीत मळमळतं, म्हणून ही दोघं रेवसहून लाँचने खाडीपलीकडे करंज्याला जाणार होती आणि पुढे नरेश न्यायला येणार होता. मी धक्क्यापर्यंत गेले. जाताना रिक्षात हसूदादाने घरच्या चाव्या माझ्या हातात दिल्या आणि कौलं, विहीर, मागचं दार यांबद्दल इतक्या सूचना दिल्या की मी म्हटलं, अहो, मी काय तुमच्या घरात नांदायला जाणार आहे का? तो म्हणाला, "तुमी इसरता." मी. मी विसरते.

लाँच भरलेली होती. लाँचवरची पोरं त्याला ओळखत होती. एकाने हाक मारली, "घरत काका, वर या, केबिनीत." त्याने हात हलवला आणि खाली बाकांच्या रांगेत गेला. पारूवहिनी कडेच्या बाकावर बसली होती, पदर डोक्यावर, तोंड करंज्याकडे. तिच्या शेजारी तो बसला. वाफेच्या मशीनचं खोकं त्याने मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरलं.

मी धक्क्यावरून हात केला. त्याने बघितलं नाही. लाँच सुटायच्या बेतात होती, दोर सोडलेला होता. खाडीवरून वारा यायला लागला होता, आणि तो तिच्याकडे वळून काहीतरी विचारत होता. इंजिनच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. तिने मान हलवून नाही म्हटलं, आणि बोटाने पलीकडचा, आतल्या बाजूचा बाक दाखवला. दोघं उठली. त्याने खोकं एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताने तिला धरलं, आणि ती जिथे म्हणाली तिथे जाऊन बसला.